फुलपाखरांच्या वाटेने सायकलवर



“रानोमाळ हिंडून मुलीला काय मिळणार?” असे विचारणाऱ्या पालकांना मी सारा डाइकमन या अमेरिकन बाईंची हकीकत सांगतो.

२०१७ च्या मार्चमध्ये त्या मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतातून जुन्या सायकलवर एकट्या निघाल्या. मोनार्क फुलपाखरे हिवाळा तेथे काढून उत्तरेस जातात. त्यांच्या वाटेने कॅनडा गाठून बाई परतल्या. एकंदर १०,२०१ मैल! उत्तरेकडे निघालेले फुलपाखरू वाटेतच अंडी घालून मरते, पुढचा पल्ला लेकरे-नातवंडे गाठतात. परतीला मात्र एकच पिढी थेट मेक्सिकोस पोचते. अंडी घालायची ती फक्त मिल्कवीड या झाडावर. म्हणून बाई रस्त्याकडेला थांबून पाने उलटून पाहत, वाटेवरच्या शाळांत मुलांना सांगत. मोटारीतून हे कसे दिसणार? पुष्कळदा मिल्कवीड यंत्राने कापलेले असे. मका-सोयाबीनच्या शेतांतून तर तणनाशकांनी ते आधीच घालवले होते.

जमिनीवर फिरा आणि पाहा, असे कुरआन शरीफातही सांगितले आहे. मुलीला दहा हजार मैल धाडा असे माझे म्हणणे नाही. पण दहावीनंतर तिची सायकल पडवीत गंजू देऊ नका. मिल्कवीडच्या कुळातली रुई आपल्या बांधावर उगवते; मोनार्कचे भाऊबंद, नारिंगी प्लेन टायगर, तिच्यावर अंडी घालते. विद्यार्थिनींनो, सुटीच्या दिवशी दोघी-तिघींनी जावे. तारीख, जागा, अंडी किती, हे वहीत लिहावे. रुईचा चीक तेवढा डोळ्यांत जाऊ देऊ नये.