डोंगर, तळं आणि दुसऱ्याचं देऊळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मंद्रूपच्या रानात उभं राहिलं की नजर जाईल तिथवर जमीन सपाट दिसते. काळी माती, ज्वारी, तूर आणि अलीकडे ऊस. उंच म्हणावं असं काय, तर मशिदीचा मिनार, देवळाचं शिखर आणि सुगीनंतर रचलेली कडब्याची गंजी. अशा मुलखातल्या माणसाला डोंगराची ओढ असते आणि थोडं भयही असतं. त्यात पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, की आपण स्वतःची समजूत घालतो. डोंगर चढणं हे कॉलेजच्या पोरांचं काम, आपण फोटो बघावेत.

आज मी सांगणार आहे ते अशा माणसांसाठी. दोर बांधून चढण्याचे कडे बाजूला ठेवू. पायात साधे बूट आणि हातात काठी असली तरी जाता येईल अशा वाटा आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्यातला मला सर्वांत आवडलेला मुलूख म्हणजे भंडारदरा आणि त्याच्या भोवतीचे डोंगर. तळं, डोंगर आणि हजारएक वर्षांची देवळं ही तिन्ही एकाच ठिकाणी भेटावीत, असं आपल्याकडे क्वचितच घडतं.

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. संगमनेर, अकोले, राजूर अशा रस्त्याने शेंडी या गावी पोहोचायचं, किंवा इगतपुरी स्टेशनला उतरून यायचं. तिथलं तळं निसर्गाने केलेलं नाही. प्रवरा नदीवर १९१० साली धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं. धरणाला विल्सन आणि जलाशयाला आर्थर ही नावं त्या अमदानीत मिळाली. साधारण अकरा टीएमसी पाणी इथे साठतं. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की काही वर्षी पाच हजार मिलिमीटरचा आकडा ओलांडतो. आमच्या सोलापूरकडे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर झाला तरी आम्ही समाधानी. एका पावसाळ्यात तिथे आमचा आठ-नऊ वर्षांचा पाऊस पडतो म्हणा ना! त्याच पाण्याच्या कालव्यांवर खाली ऊस वाढला, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आपल्या चहातल्या साखरेचं मूळ असं कुठल्या कुठे डोंगरात असतं.

या तळ्याच्या वरच्या टोकाला रतनवाडी आहे. शेंडीहून तळ्याच्या काठाकाठाने रस्ता जातो. गाव लहान, वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. भाताची खाचरं, मागे रतनगड, आणि मध्ये अमृतेश्वराचं देऊळ. काळ्या दगडाचं, खालपासून शिखरापर्यंत कोरीव. सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी देवळं बांधली अशी परंपरा आहे, त्यांत याचं नाव घेतात. देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. शेजारी विष्णुतीर्थ नावाची पायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. समुद्रमंथनातलं अमृत इथे सांडलं आणि त्याची प्रवरा झाली, असं लोक सांगतात. म्हणून प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात.

देवळापासून रतनगडाकडे जंगलातून पायवाट निघते. सुरुवातीचा तासभर ती जवळजवळ सपाट आहे. झाडांची सावली, आणि लहानशा ओढ्याएवढी प्रवरा पुन्हा पुन्हा आडवी येते. दगडांवर पाय ठेवत आपण ती ओलांडतो. पुढे चढ उभा होतो, शिड्या लागतात. तिथून मागे फिरलं तरी काही बिघडत नाही. त्या तासाभरात माणसाला पुरेसं मिळालेलं असतं. आपण उडी मारून ओलांडली ती नदी पुढे नेवाशाला जाते. तिच्याच काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग ती प्रवरासंगमला गोदावरीत मिळते. मराठीत चार ओळी लिहिणाऱ्या कुणालाही त्या ओढ्यात पाय बुडवताना जपून बुडवावेसे वाटतील.

दुसरी वाट हरिश्चंद्रगडाची. नाव ऐकून घाबरू नका. या गडाच्या अवघड वाटा पुष्कळ आहेत, पण पाचनई गावातून जाणारी वाट सर्वांत सोपी. बसत, उठत, पाणी पीत तीन तास धरा. कातळाच्या पोटाखालून वाट जाते, एक ओढा सोबत करतो, आणि एकदम आपण पठारावर येतो. तिथे हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, बाजूला सप्ततीर्थ पुष्करणी आणि भोवती कोरलेल्या गुहा. जवळच केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढं थंडगार पाणी, मधोमध भलं मोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. चार युगांचे चार खांब, तीन गेले, चौथा पडला की कलियुग संपेल, अशी समजूत आहे.

या गुहा म्हणजे साधकांचा मठच होता. इथे चांगदेव राहिले. त्यांचा ‘तत्त्वसार’ हा मराठी ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे १३१२ साली, या गडावर पुरा झाला असं अभ्यासक सांगतात. देवळाच्या परिसरात त्यांचं नाव असलेले शिलालेख आहेत. वर पोहोचल्यावर धाप लागलेली असताना हे आठवलं, की एक साधा प्रश्न पडतो. सातशे वर्षांपूर्वी इथे बसून लिहिणाऱ्या माणसाला भाकरी कोण आणून देत होतं? खालच्या गावातलं कुणीतरी रोज किंवा दोन दिवसांआड ही वाट चढत असणार. आज आपण जिला ट्रेकचा मार्ग म्हणतो, ती कुणाच्या तरी पायांनी पडलेली भाकरीची वाट आहे.

माझ्या नावाच्या माणसाने देवळांच्या वाटा सांगाव्यात याचं काहींना नवल वाटतं. ‘तुम्ही तिकडे कशाला?’ असं दोन्हीकडची माणसं विचारतात, आणि ते प्रेमानेच विचारतात. रतनवाडीत एका म्हाताऱ्या बाईंनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पाय धुऊन ये बाबा, चिखल हाय लई.’ बस्स, एवढीच अट. श्रद्धा कोणती, हा माझा आणि माझ्या परवरदिगारचा प्रश्न. दारात पाय धुणं, आवाज खाली आणणं, हा अदब आहे, आणि अदब सगळ्यांचा सारखाच. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. मुसलमान घरात जन्मले आणि त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. मराठी माणसाला हे काही नवीन नाही.

आता थोडं लांब जाऊ. तुर्कस्तानच्या पूर्व भागात वान नावाचं मोठं खारं सरोवर आहे. भोवती बर्फाचे डोंगर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच. वान सरोवराच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १६४० मीटर. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक जिथे संपतं, त्या उंचीवर तिथलं तळं पसरलेलं आहे. त्यात अख्तमार नावाचं बेट आहे, तुर्क लोक त्याला अकदमार म्हणतात. होडीने जायचं आणि थोडा चढ चढायचा, की आर्मेनियन लोकांचं एक जुनं चर्च लागतं. राजा गागिक याने ९१५ ते ९२१ या काळात ते बांधवून घेतलं. म्हणजे तेही आपल्या अमृतेश्वरासारखं हजारएक वर्षांचं. वसंतात भोवती बदामाची झाडं फुलतात. चर्चच्या बाहेरच्या भिंतींवर कोरीव चित्रं आहेत. माशाने गिळलेले योना, गोलियाथसमोर उभे दावीद, झाडापाशी आदाम आणि हव्वा. माझ्या आजीने मला याच गोष्टी हजरत युनूस, हजरत दाऊद आणि जालूत, आदम आणि हव्वा म्हणून सांगितल्या. भिंत त्यांची, गोष्टी आमच्याही.

या सरोवराच्या दक्षिण काठावर नारेक नावाचा मठ होता. तिथे ग्रिगोर नावाचा साधू राहत असे. इसवी सन एक हजारच्या सुमारास त्याने प्रार्थनांचा एक ग्रंथ लिहिला, आणि आर्मेनियन माणसं तो आजही उशाशी ठेवतात. तळं, डोंगर, मठ आणि कवी. चांगदेवांची आठवण होते ना? फरक इतकाच की नारेकचा मठ आज उरलेला नाही. १९१५ मध्ये त्या मुलखातल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या, उरलेल्यांना हाकलून दिलं. प्रार्थना करणारेच गेले, आणि डोंगरातल्या कितीतरी मठांचे दगड पुढे घरं बांधायला गेले.

अख्तमारचं चर्चही जायचंच होतं. १९५१ साली ते पाडायचा हुकूम निघाला. शेजारचं लहान प्रार्थनाघर पाडूनही झालं होतं. त्या वेळी यशार कमाल नावाचा एक तरुण वार्ताहर तिकडे फिरत होता. पुढे तो तुर्की भाषेतला फार मोठा कादंबरीकार झाला. घर मुसलमान, कुर्द वंशाचं. प्रवासात एका लष्करी डॉक्टरने त्याला ही बातमी सांगितली. त्याने इस्तंबूलला आपल्या संपादकांना कळवलं, त्यांनी मंत्र्यांना गाठलं आणि पाडकाम थांबलं. २००५ ते २००७ या काळात चर्चची दुरुस्ती झाली. २०१० साली, पंचाण्णव वर्षांनी, तिथे पुन्हा प्रार्थना झाली.

मित्रहो, मला सांगायचं आहे ते या गोष्टीत आहे. ज्यांचं चर्च होतं ते वाचवायला तिथे उरले नव्हते. जो होता, त्याचं ते नव्हतं. पण तो तिथवर गेला होता, आणि गेला म्हणून त्याला कळलं. दूरच्या डोंगरातलं प्रार्थनास्थळ, कोणाचंही असो, तिथवर पोहोचणाऱ्या माणसांच्या नजरेमुळे टिकतं. आपल्या देवळांवर तशी वेळ नाही, पूजा चालू आहे. पण दुसरं संकट आहे. हजार वर्षांच्या खांबावर खिळ्याने आपली नावं कोरणारे, पुष्करणीत बाटल्या टाकणारे, गुहेच्या तोंडाशी स्पीकर लावणारे आपणच. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी भंडारदऱ्याला जाऊन बघा, मला काय म्हणायचं ते कळेल.

म्हणून जायचं तर हिवाळ्यात जा, आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी. भर पावसात ओढे अचानक फुगतात, कातळावर शेवाळ असतं, तेव्हा नवख्याने जाऊ नये. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम पाळा. गावातला वाटाड्या सोबत घ्या. त्याला चार पैसे मिळतात आणि आपल्याला झाडांची नावं कळतात. हॉटेलची चिंता करू नका, शिदोरी आपली सोलापूरची न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तीन-चार दिवस सहज टिकतात, आणि त्यांचा कचराही होत नाही. कोकणकड्यावर गेलात तर कडेला उभे राहू नका, झोपून खाली डोकवा.

आणि एवढ्या लांब जाणं होत नसेल, तर सुरुवात घराजवळून करा. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथलं हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गाडलं गेलं होतं, ते खणून मोकळं केलं. शेजारच्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा, शिलालेख आहे. त्यातली मराठी ओळ सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी वाचली, आणि आज ती मराठीतल्या सर्वांत जुन्या ओळींत गणली जाते. हे वाचील तो विजयी होईल, असा तिचा आशय आहे. वाचणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, अशी अट त्या दगडावर कुणी घातलेली नाही. संगमावर चढ नाही, चालणं थोडंसंच आहे. मुलांना घेऊन जा, ती ओळ त्यांना दाखवा. पुढच्या हिवाळ्यात रतनवाडी बघू.