दोष यंत्राचा की माणसाचा?



कारखान्याच्या दारात भाषणे करणारा माणूस आज संगणकावर बोलणार, याचे आपल्याला नवल वाटले असेल. मी नववीत शाळा सोडली. ही विद्या मी चुका करीत शिकलो. त्यांतलीच एक चूक आज सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या युनियनने सभासदांकडून पाळ्यांची पसंती संगणकावर मागवली. पडद्यावर तिन्ही पाळ्यांची नावे. हवी ती उचलून वर न्यायची आणि यादी पाठवायची. कचेरीत क्रोमवर करून पाहिले, उत्तम चालले. पण एका सभासदाला रात्रपाळी लागली. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. रात्री तिच्यापाशी दुसरे कोणी नाही. मी म्हणालो, "बाबा, नीट बघून पाठवायचे होते." तो मुकाट्याने गेला.

दुसऱ्या दिवशी तशीच तक्रार घेऊन आणखी तिघे आले. मग मात्र मी चपापलो. मालक कामगाराला निष्काळजी म्हणतो, तेव्हा आपण काय म्हणतो? आधी यंत्र दाखवा!

चौकशीचा नियम साधा आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. संगणकावर क्रोम लावला, मग फायरफॉक्स. दोन्हींत नाव सरकले. मोबाईलवर तेच दोन ब्राउझर लावले, एकातही सरकेना. म्हणजे दोष ब्राउझरचा नव्हता. आमचे प्लगिन फक्त माऊसची हालचाल ओळखत होते. मोबाईलवर बोट सरकले की ब्राउझर समजतो, पान वरखाली करायचे आहे. नाव जागच्या जागी राही, आणि मुळात वर असलेली रात्रपाळीच पहिली पसंती म्हणून जाई.

कधी दोष ब्राउझरांतल्या फरकाचाही असतो. ओढून टाकण्याची ही सोय १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून पुढे सर्वांच्या नियमांत आली. पण प्रत्येकाची रीत थोडी निराळी. जुन्या फायरफॉक्समध्ये उचलताना वस्तूला काही माहिती जोडली नाही, तर ओढणे सुरूच होत नसे. आणि एक गोष्ट सगळीकडे सारखी : वस्तू जागेवरून जात असताना 'ड्रॅगओव्हर' या घटनेत ब्राउझरची मूळ सवय थोपवली नाही, तर तो टाकलेली वस्तू स्वीकारीत नाही. म्हणून एका ब्राउझरवर चालले म्हणजे काम झाले, असे मानू नये.

आम्ही प्लगिन बदलले. माऊस, बोट आणि लेखणी या तिघांना एकच मानणारे 'पॉइंटर इव्हेंट्स' २०१५ साली प्रमाण ठरले आहेत. त्यांचा आधार घेतला. नावांच्या पट्टीवर बोट फिरले तर पान सरकवू नये, असे ब्राउझरला सांगितले. शिवाय प्रत्येक नावापुढे 'वर' आणि 'खाली' अशी दोन बटणे ठेवली. ज्याचा हात कापतो, ज्याला बोटे कमी आहेत, त्याने ओढायचे कसे? ओढण्यावाचून दुसरा मार्ग ठेवावा, असे २०२३ च्या 'डब्ल्यूसीएजी २.२' या सुलभतेच्या नियमावलीतही सांगितले आहे.

मग यादी पुन्हा मागवली. त्या सभासदाच्या घरी जाऊन मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला वाटलं, मलाच येत नाही."

मंडळी, यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. पण आपल्यालाच येत नाही, असे एकदा माणसाच्या मनाने घेतले, की तो पुन्हा तक्रार करायला येत नाही. म्हणून आधी यंत्र तपासा, मग माणूस.