गड जपायचा की नवा बांधायचा?

(हर्नडन, व्हर्जिनिया येथील सभेत केलेले भाषण)



11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड त्यात आहेच. साहजिकच "रायगड होता तसा पुन्हा उभारा" असे आपल्यातले अनेकजण म्हणतात.

होता तसा म्हणजे कसा? 1818 साली इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, लाकूडकाम जळून गेले. उरलेल्या जोत्यांवरून वाड्यांची लांबीरुंदी मोजता येते. छपराचा उतार किंवा खांबांवरची नक्षी नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेने घातलेली मर्यादा साधी आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

आपण मुलांना विल्यम्सबर्गला नेतो. तिथला गव्हर्नरचा वाडा 1781 साली जळाला आणि 1930 च्या दशकात नव्याने बांधला गेला. जेफरसनने काढलेला आराखडा, जुने चित्र, उत्खनन, सगळे हाताशी होते. तरीही एक गोष्ट निसटलीच. अठराव्या शतकात त्या गावची निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती, बहुतेक गुलाम. त्यांचे जीवन तिथे दाखवायला 1979 साल उजाडावे लागले. भिंती बिनचूक असूनही इतिहास अर्धाच राहू शकतो.

म्हणून रायगडाबाबत माझे म्हणणे असे. आहे ते टिकवा, आणि तेही चुन्याने. कोकणच्या पावसात भिंतीच्या पोटात पाणी शिरणारच. चुन्याच्या दरजांतून ते हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने दरजा बुजवल्या की पाणी आत कोंडते, भिंतीला फुगवटा येतो आणि शेवटी दगड निखळतात. सिमेंट जास्त मजबूत असते, पण इथे तो गुण नव्हे.

दुसरे, गडाची हकीगत सांगताना सिंहासनापाशी थांबू नका. दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे मजूर, गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली धनगर कुटुंबे यांनाही त्यात जागा द्या.

गडकिल्ल्यांसाठी आपण इथून देणग्या पाठवतो. पुढचा चेक लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारूया: पुरावा काय? चुना की सिमेंट? आणि गडावरच्या माणसांना विचारले का? उत्तरे मिळाली तर पैसे जरूर द्यावेत.