सूचीच्या पोटांत

श्रोतेहो, आळंदीस कोणी ज्ञानेश्वरींतील ओवीचा आरंभ म्हटला आणि ती कोणत्या अध्यायांतली असें विचारलें, तर सुमारें ९००० ओव्या चाळीत बसणें कोणास परवडेल? त्यासाठीं अकारादि सूची हवी. संगणकाच्या माहितीसंग्रहांतील सूची हिचीच बहीण. बांधणी मात्र निराळी.

१९७२ सालीं बायर व मॅक्क्राइट ह्यांनीं प्रसिद्ध केलेली ही रचना उलट्या वृक्षासारखी आहे. समजा, एका पानावर १०० नोंदी मावतात. मुळाचें पान कोणत्या शब्दापासून पुढें कोणतें पान पाहावें, एवढेंच सांगतें. तें दुसरें पान उघडतांच ओवीचा ठिकाणा हातीं येतो. पानें पुरीं भरलेलीं असल्यास दोन पानांत १०,००० नोंदींचा निकाल! पान ओसंडलें कीं तें दुभंगतें व मधला शब्द वरच्या पानावर चढतो. मूळच ओसंडलें तर त्यावर नवें मूळ बसतें. म्हणून शेवटचीं पानें मुळापासून सदैव सारख्याच अंतरावर राहतात.

परंतु सूची ही अक्षरांची चाकर. ओवीचा केवळ शेवट आठवत असेल, तर ती मुकी! शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तरी पोथ्यापोथ्यांत पाठभेद आहेतच. पहिलाच शब्द निराळा असला, तर ओवी ग्रंथांत असूनही सूचींत हरवते. अशा ठिकाणीं दोन्ही पाठांच्या नोंदी कराव्यात, हेंच मला इष्ट वाटतें. जागा थोडी अधिक जाईल.