प्रयोगशाळेतून भांडवलाकडे
(रेवदंडा येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखादा शास्त्रज्ञ संशोधन बाजूला ठेवून नवोदित उद्योगांत भांडवल गुंतविण्याच्या कामाकडे वळला, की त्याचे सहकारी हळहळतात. विद्वान माणूस पैशाच्या मागे लागला, असा शेरा कानी येतो. धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावर हा विषय मांडण्याचे कारण एवढेच, की रुग्णाच्या उशाशी असलेल्या प्रत्येक उपकरणामागे कोणीतरी, ते चालेल की नाही हे ठाऊक नसताना, खर्च सोसलेला असतो. तो कोणी सोसावा, आणि कोणत्या बुद्धीने, हा आपल्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

अशा भांडवलाला साहसवित्त म्हणतात. शब्द जड आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बँकेचे कर्ज घेतले, तर मासळी मिळो वा न मिळो, हप्ता चुकत नाही. होडीवरचा हिशेब निराळा. मासळी आली की होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, खलाशांचा वाटा. रिकामे परतले तर सर्वांचेच हात रिकामे. साहसवित्त हे कर्ज नव्हे, वाटा आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी ज्या चौल बंदरी उतरला, तेथे विकण्यासाठी त्याने एकच घोडा आणला होता. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा हिरावून घेतला आणि बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला. मध्यस्थीने तो परत मिळाला म्हणून बरे. सारे भांडवल एकाच घोड्यात घालू नये, हे आजचा गुंतवणूकदार पहिल्या दिवशी शिकतो.

या व्यवसायाच्या संघटित रूपाच्या मुळाशीच वैद्यक आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १९४६ साली बोस्टनमध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत जॉर्ज दोरिओ यांच्याबरोबर एमआयटीचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन होते. कर्करोगाच्या उपचारासाठी शक्तिमान क्ष-किरण यंत्रे बनविणारी हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग ही तिच्या अगदी आरंभीच्या गुंतवणुकींपैकी एक.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. प्रेमनाथ वेणुगोपालन हे बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे शास्त्रज्ञ. खुब्याचा सांधा बदलताना जी पॉलिएथिलीनची वाटी बसवितात, ती निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या गॅमा किरणांमुळे काही वर्षांत ठिसूळ होई. तिची झीज होऊन बारीक कण सुटत, हाड खंगे, सांधा सैल होई आणि वृद्ध रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येई. एमआयटीच्या प्रयोगशाळेत आणि बोस्टनच्या रुग्णालयात या दोषाचा शोध घेऊन टिकाऊ वाटी घडविणाऱ्या संशोधकांत ते होते; त्या पेटंटवर त्यांचे नाव आहे. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि २००७ साली त्याच आवारात व्हेंचर सेंटर उभे राहिले. त्याचे नेतृत्व त्यांनी केले. नफा न वाटणारी ही संस्था विज्ञानाधारित नवोद्योगांना जागा, उपकरणे, पेटंटविषयक सल्ला आणि बीजभांडवल मिळवून देऊ लागली. २०१२ साली बायरॅक ही केंद्र शासनाची संस्था स्थापन झाल्यावर, कल्पना पडताळून पाहण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी तिची योजनाही येथून राबविली गेली.

या कामास शास्त्रज्ञच का लागावा? हिशेबनीस विक्रीचे आकडे तपासतो. पण ज्या वस्तूची विक्रीच सुरू झालेली नाही, तिचे काय तपासणार? तेथे प्रयोगाची वही वाचता यावी लागते. हा निकाल दुसऱ्या हातून पुन्हा मिळाला का? पुण्याच्या थंड खोलीत चाललेली तपासणीपट्टी रेवदंड्याच्या खाऱ्या, दमट हवेत सहा महिने टिकेल का? वीज गेली तर यंत्र काय करील? हे प्रश्न ज्याचे हात प्रयोगात पोळले आहेत, त्यालाच वेळेवर सुचतात.

मात्र त्याला स्वभावाशी झगडावे लागते. प्रयोगशाळेत पुरावा पुरा होईतो थांबता येते, किंबहुना थांबणे हाच तेथील धर्म. गुंतवणूकदाराला पुरावा अपुरा असतानाच निर्णय द्यावा लागतो, आणि बहुतेकांना नकार. तरुण संशोधकाला डोळ्यांत पाहून ‘नाही’ म्हणणे हे माझ्या मते या कामातले सर्वांत कठीण अंग आहे.

या भांडवलाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. साधारण दहा वर्षांत पैसा वाढवून परत करावयाचा असतो. म्हणून ते मोठ्या बाजारपेठेकडे वळते. आपल्याच रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य आठवा. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे दगावत. रक्तदाबावरील प्राझोसिन हे जुने, स्वस्त औषध त्यांनी त्यावर वापरले, ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले, आणि पूर्वी शेकडा ३० ते ४० असलेले मृत्यूचे प्रमाण एक-दोनवर आले. या शोधात कोणत्याही गुंतवणूकदाराला वाटा मिळाला नसता. विंचू चावलेल्या भातशेतकऱ्याची बाजारपेठ होत नाही. असे काम सरकारी दवाखान्यांनी, निष्ठावंत डॉक्टरांनी आणि आपल्यासारख्या दात्यांनीच पेलावयाचे असते.

सभेपूर्वी एका विश्वस्तांनी विचारले, मग रुग्णालयाचा निधी अशा उद्योगात घालावा काय? मुळीच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ने विश्वस्त निधी कोठे ठेवावा यावर बंधने घातली आहेत, आणि ती योग्यच आहेत. दात्याचा पैसा रुग्णासाठी आहे, नशीब अजमावण्यासाठी नव्हे.

मात्र नवोद्योगांपाशी नसलेली एक वस्तू आपल्यापाशी आहे : रुग्णशय्येजवळचा अनुभव. उपकरण घडविणाऱ्या तरुणांना आपल्या परिचारिकांनी आठवडाभर आपले काम पाहू द्यावे. कोणती कळ ओल्या हाताने दाबता येत नाही, कोणती सूचना रात्रपाळीत वाचता येत नाही, हे त्यांना दाखवावे. रुग्णावर चाचणी करावयाची झाल्यास नीतिसमितीची मान्यता, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांचे पालन आणि मराठीतून समजावून घेतलेली लेखी संमती यांवाचून पाऊल टाकू नये. ‘नको’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे नातेवाइकांना त्याच वेळी सांगावे. असा प्रस्ताव आल्यास विश्वस्त मंडळाने तो प्रथम आपल्या डॉक्टरांपुढे आणि परिचारिकांपुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.