अठरा ते पंचवीस



व्यसनमुक्तीवर व्याख्यान म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी दारूचे दुष्परिणाम आणि शेवटी हात पुढे करून शपथ. आज दोन्ही होणार नाही. दारू वाईट असते हे तुम्हाला सांगायला बाहेरून कुणी येण्याची गरज नाही, आणि शपथ घेणारे हात सहसा न पिणाऱ्यांचेच असतात. मागे उभी असलेली पोरं, तुम्हीही पुढे येऊन बसा. उपदेश करणार नाही.

मला वयाबद्दल बोलायचं आहे. महाराष्ट्रात माणूस नक्की कधी मोठा होतो? मत द्यायला अठरा. मुलाच्या लग्नाला एकवीस. बिअर प्यायलाही एकवीस, आणि देशी किंवा विदेशी दारूला पंचवीस. दारूच्या बाबतीत तरी आपल्या सरकारला पक्कं ठाऊक आहे की पंचविशीच्या आत पोराचं डोकं स्थिर नसतं. आपण त्याला गद्धेपंचविशी म्हणतो, नियम जरा सभ्य भाषेत तेच म्हणतो. पण आधार द्यायची वेळ आली की हिशेब बदलतो. शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कार्यक्रम अठरापर्यंत. सरकारी दवाखान्यातली किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिकं एकोणीसपर्यंत. आश्रमशाळा बारावीपर्यंत. बालगृह अठरापर्यंत. म्हणजे आधार अठराला काढायचा आणि पंचविशीपर्यंत भरवसा ठेवायचा नाही. मधली सात वर्षं पोरगा कुणाचा?

नेमकी हीच वर्षं आजाराची असतात. ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मनोविकार होतो, त्यांच्यातल्या निम्म्यांचा आजार चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश जणांचा चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतून २००५ साली पुढे आलं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दारूच्या विकाराने त्रस्त असलेल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांपर्यंत कोणताही उपचार पोचलेला नव्हता. २०१९ साली दिल्लीच्या एम्सने देशभरातल्या व्यसनांची मोजणी प्रसिद्ध केली. तीत एक गोष्ट अशी होती की वाचणाऱ्याने थबकावं. हुंगायची नशा, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, हे एकच व्यसन मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलं. मोठ्यांत शेकडा ०.५८, मुलांत १.१७. दारूचं दुकान पोराला हटकेल एखादवेळ. सायकलच्या दुकानात कोण हटकणार?

आता आपल्या भोंगवलीच्या भागातला पोरगा डोळ्यांसमोर आणा. कुणी एक नव्हे, पाच-सहा वाड्यांतून जमवलेला. कातकरी समाजाचा म्हणू. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार आदिम म्हणतं, त्यांतली ही एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते, आणि खर्चीच्या दिवशी भट्टीच्या कडेला दारू मिळतेच. पोरगा दहाव्या-अकराव्या वर्षी विटा उलथायला लागतो आणि सातवी-आठवीत शाळेतून गळतो. पहिला घोट कुणाच्या तरी वरातीत, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या रात्री. हा घोट त्याला मोठ्या माणसांनीच दिलेला असतो. अठराखालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणं हा २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७७व्या कलमाप्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. वरातीत हे कलम कुणाला आठवत नाही.

पुढे तो नीरा ओलांडून शिरवळच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागतो. रात्रपाळी, गांजा, झोप उडालेली. एके दिवशी त्याला वाटायला लागतं की लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा. देवऋषी अंगारा देतो. भावकी म्हणते, गांजाने डोकं फिरलं. मनोरुग्णालयात नेलं तर ऐकायला मिळतं की आधी व्यसन सोडवा. व्यसनमुक्ती केंद्रात नेलं तर म्हणतात, याला मानसिक आजार आहे, आधी तो बरा करा. बाप दोन एसटींच्या तिकिटांत आणि दोन खाड्यांत आठवड्याची मजुरी घालवून परत येतो. आजार एकाच माणसाला झालेला असतो, पण खाती दोन असतात. कधी भास आधी असतात आणि ते दडपायला गांजा येतो, कधी गांजाने भासांना वाट मिळते. एकाच टेबलावर दोन्हीचा विचार झाला नाही तर पोरगा फक्त प्रवास करतो.

आणि तिसरं खातं असतं पोलिसांचं. पाटलाचा पोरगा पिऊन पडला तर त्याला घरी सोडतात. वस्तीवरचा पडला तर गावात गेल्या महिन्यात काय काय चोरीला गेलं याची उजळणी होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला; पहिला संशय कुणावर घ्यायचा ही सवय गेलेली नाही.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरचं. तेव्हा तिकडच्या काळ्या तरुणांचं काय झालं हे पाहायचा आपल्याला जुना हक्क आहे. १९८६ साली अमेरिकेने अमली पदार्थांविरुद्ध कायदा केला. काळ्यांच्या वस्त्यांत विकलं जाणारं क्रॅक कोकेन पाच ग्रॅम सापडलं, तर किमान पाच वर्षं तुरुंग. गोऱ्या वस्त्यांत चालणारी कोकेनची भुकटी असेल, तर त्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम लागत. द्रव्य एकच, तराजू दोन. २०१०मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आणलं. एकास एकवर अजून आलेलं नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली सक्तीने दाखल होण्याचं प्रमाण काळ्या माणसांत गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. उपचाराच्या दारात त्यांच्यातले अनेक जण स्वतःहून पोचत नाहीत, शेवटच्या टप्प्यावर बऱ्याचदा पोलीसच पोचवतात. कॅनडात टोरांटोच्या एका मोठ्या मनोरुग्णालयाने आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या तरुणांसाठी व्यसन आणि मनोविकार एकत्र पाहणारा स्वतंत्र कार्यक्रमच ठेवला आहे. वेगळं कशाला, सगळ्यांना एकच दवाखाना का नको, असा प्रश्न कुणी विचारेल. माझं उत्तर असं की एकच दवाखाना असावा, पण पोरगा आत आल्यावर त्याची जात ओळखून खुर्ची मागे सरकवणारा माणूस तिथे नसावा. तो असेल तोवर वेगळी सोय लागणार.

त्याच १९८६ साली, २९ ऑगस्टला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. पुण्यात तेव्हा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली होती. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी पैसा उभा केला. पण केंद्राचा कणा होत्या डॉ. अनिता अवचट, सगळ्यांच्या सुनंदा. त्या त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. एक देश पोरांना तुरुंगात घालायचा कायदा करत होता, त्याच वर्षी येरवड्यात एक बाई त्यांना जेवायला वाढत होती. सुनंदाताई १९९७ साली गेल्या. त्यांनी घातलेली एक रीत मला औषधांइतकीच महत्त्वाची वाटते: बरे झालेले रुग्णच तिथे कार्यकर्ते झाले. आत येणाऱ्या पोराला समोर तोच रस्ता तुडवून आलेला माणूस दिसतो, त्याच्यापुढे थापा चालत नाहीत. दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा, पण संबंध वर्षानुवर्षांचा. घसरलेल्या पोराला परत घेतात. घसरणं हा या आजाराचा भाग आहे, हे ज्यांना पटलेलं नाही त्यांनी या कामात पडू नये, इतक्या स्पष्टपणे मी हे म्हणतो.

दुसऱ्या बाजूला साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. हमीद दाभोलकर तिथे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवून ‘मानसमित्र’ तयार करायची कल्पना याच मंडळींची. देवऋषीकडे जाणाऱ्या माणसाला शिव्या न देता डॉक्टरच्या दारापर्यंत नेणारा हा मित्र. म्हणजे पुणे-सातारा महामार्गाच्या एका टोकाला मुक्तांगण, दुसऱ्या टोकाला परिवर्तन, आणि मध्ये आपण. भाटघरचं धरण आपल्या तालुक्यात आणि पाणी बारामती-इंदापूरला, तसं हे झालं आहे. सगळं आपल्या अंगावरून जातं.

आता कायद्यातली एक गोष्ट, जिच्यासाठी मी आज आलो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. दारू किंवा ड्रग्जमुळे होणारे मनोविकार त्यात येतात. म्हणून व्यसनमुक्तीच्या नावाखाली पोराला साखळीने बांधणारी जी केंद्रं ऐकू येतात, ती सरळ सरळ कायदा मोडतात. साखळदंडाला ९५व्या कलमाने बंदी आहे. अठराखालचा मुलगा दाखल झाला तर त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या कुणीतरी सतत सोबत राहायचं, असा नियम आहे. तो आत असतानाच अठरा पूर्ण झाले तर त्या दिवसापासून तो ‘स्वतंत्र रुग्ण’. सही त्याची, निर्णय त्याचा. आईबाप गोंधळतात. काल रात्री उशाशी बसू देत होते, आज म्हणतात, त्याला विचारा.

पालक चिडतात ते मला समजतं, तरी कायदा इथे बरोबर आहे. कारण त्याच कायद्याच्या १४व्या कलमात एक चांगली सोय आहे. प्रौढ माणूस स्वतःचा प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा. आपलं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हा डॉक्टरांशी कुणी बोलायचं, हे ठिकाणावर असतानाच लिहून ठेवायचं. आणि तो प्रतिनिधी बापच असला पाहिजे असं नाही. बाप स्वतः पीत असेल, तर नसावाच. अठरा वर्षांचा पोरगा कागदावर शाळेतल्या सरांचं नाव लिहू शकतो, कबड्डीच्या उस्तादांचं, आशाताईंचं, मामाचं. ते मान्य करणारा माणूस मात्र पाहिजे. आपण तरुणांना विचारतो, तुम्ही काय करणार? मी इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना विचारतो, की असा कागद घेऊन कुणी दारात आलं तर त्यावर तुमचं नाव लिहू द्याल का? भावकीतलं नव्हे, वाडीवरचं पोरगं आलं तर?

बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांची गोष्ट याच्याही पुढची. त्यांना तर लिहायला नावच नसतं. बाल न्याय कायद्यात त्यांच्यासाठी अठरा ते एकवीस अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, अपवाद म्हणून तेवीसपर्यंत. २०१८पासून महाराष्ट्रात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षणही आहे. पण नोकरीआधी जगावं लागतं, आणि एकविसाव्या वर्षी भाड्याच्या खोलीत झोप न येणाऱ्या पोराला आरक्षण रात्री दोन वाजता फोन करत नाही.

फोनवरून आठवलं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत. व्यसनासाठी १४४४६. मोबाईल काढा आणि आत्ता साठवून ठेवा, मी थांबतो. गांजा थोडा सापडून केस झालेल्या घरांसाठी आणखी एक: अमली पदार्थ कायद्याच्या ६४अ कलमाखाली अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार मध्येच सोडले तर ही सवलत जाते. पहिल्या तारखेलाच वकिलाला हे कलम विचारा. पैसेवाल्यांच्या वकिलांना ते पाठ असतं.

आडव्या बाटलीबद्दल, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याबद्दल, कुणी विचारेल. करा, जरूर करा. चतुर्थांश मतदारांच्या सह्या आणि मग निम्म्याहून जास्त मतं, बायांनी अनेक गावांत ही दुकानं बंद पाडली आहेत. फक्त दुकान बंद झालं की पोरगा बरा झाला असं धरून चालू नका. पिणारा दुसऱ्या गावी, सारोळ्याला जाईल, आणि परतीच्या वाटेवर गाडी चालवेल.

मला पाहिजे ते याहून लहान आहे. महिन्यातून एका रविवारी, सकाळी, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या एका खोलीत पाठपुराव्याची बैठक. उपचार घेऊन आलेले चार-पाच जण, त्यांच्या बायका, आया, आणि वाटलंच तर औषधाच्या चिठ्ठ्या बघायला एक परिचारिका. रविवार यासाठी की शिरवळचे ठेकेदार ओपीडीच्या वारी सुट्टी देत नाहीत. मुक्तांगण आणि परिवर्तन या दोन्ही केंद्रांतून बरा झालेला एखादा कार्यकर्ता आणून बसवायची खटपट मी करतो. खोली तुम्ही द्या. आणि ती खोली वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना आत यायला चालेल अशी निवडा. देवळाचा मंडप नको, कुणाच्या पडवीतही नको.

व्याख्यानमालेच्या मंडळाने टेबलावर कागद ठेवले आहेत. कुणाला उघड विचारायला अवघड वाटत असेल, त्यांनी प्रश्न लिहून पेटीत टाका. खोली कोण देणार, तेही त्याच पेटीत आलं तरी चालेल. अर्ध्या तासाने उघडू.