राखणदाराचे दात

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे वजन काट्यावर चोख होते. परंतु रात्रभर फाटकाशी जागणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सहसा कोणी पाहत नाही. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. त्यांवर साचणारा मऊ थर पुसला न गेल्यास लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कठीण होतो. मग हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. तरीही हा मुका प्राणी वेदना सोसून खात राहतो. म्हणूनच ‘खातो आहे, म्हणजे बरा आहे’ हा समज फसवा ठरतो.

उपाय साधा आहे. पिल्लू असल्यापासून सवय लावून मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने दात रोज पुसावेत. माणसांची टूथपेस्ट वापरू नये; गिळल्यास ती अपायकारक ठरते. टणक हाडांनी दात तुटतात, तीही टाळावीत. तोंडाला दुर्गंधी, हिरड्यांतून रक्त किंवा एकाच बाजूने चावणे दिसताच पशुवैद्यकांकडे जावे. घट्ट झालेले किटण त्यांनीच भूल देऊन काढावयाचे असते. अनोळखी किंवा रेबीजची लस न दिलेल्या कुत्र्याच्या तोंडाला मात्र हात लावू नये.

आपल्या दाराची राखण करणाऱ्याच्या दातांची राखण आपण करावी, एवढीच विनंती.